ललित नाही, कथाच : माझा अनुभव

पहिली कथा पाठवून चार महिने वाट पाहिली आणि संपादकांचं उत्तर आलं एका ओळीचं : ‘ही कथा नाही, ललित लेख वाटतो.’ वर्ष उलटून गेलं, पण त्या ओळीचा राग अजून जात नाही. कथा का नाही, एवढं तरी लिहायचं होतं.

मे महिन्यात कूलरसमोर बसून दहा दिवसांत लिहिली, टाइप करून एका दिवाळी अंकाला पाठवली. ‘मनोरंजन’ मासिकाच्या १९०९ च्या दिवाळी अंकापासून मराठी कथा दिवाळी अंकांत वाढत आली, तेव्हा पहिली कथा तिथे जाणं साहजिकच. फोन केला की ‘वाचन सुरू आहे’. सप्टेंबरात नकार आला, तोवर बाकीच्या अंकांनी साहित्य घेणं बंद केलं होतं. साहित्य घेण्याची शेवटची तारीख आणि शब्दमर्यादा आधीच विचारून घ्या.

शेवटी नागपुरात धरमपेठेत शाळेतल्या मराठीच्या सरांकडे गेलो. कथा अशी : काटोलकडचा संत्र्याचा बगीचा, तो विकायला निघालेला मुलगा, बगीचा जिच्या नावावर ती आई. अकरा पानं वाचून सरांनी पेन्सिल खाली ठेवली.

‘ही बाई करते काय?’

ती नुसत्या आठवणी काढत होती. आंबिया बहाराचा, म्हणजे संत्र्याच्या मोहराचा वास, नवऱ्याने खोदलेली विहीर, गारपिटीचं वर्ष. पात्र होतं, वातावरण होतं, कथानक नव्हतं. सर म्हणाले, ‘मोठं काही घडायला नको. तिला काहीतरी हवं असू दे आणि त्यासाठी तिने एक पाऊल उचलू दे.’

त्या एका पावलासाठी पाच आठवडे अडलो. बगीच्याला आग लावून पाहिली, आईला आजारी पाडलं, भावकीचं भांडण आणलं. सगळं वरून चिकटवल्यासारखं. अंबाझरी तलावाच्या काठावर संध्याकाळ-संध्याकाळ बसायचो, काही सुचायचं नाही. आमच्या घरी कपाटाची किल्ली तांदळाच्या डब्यात ठेवतात. एके दिवशी ती काढायला हात घातला आणि सापडलं : बगीच्याच्या विक्रीची रजिस्ट्री, त्या सकाळी आई स्वतःचं आधार कार्ड तांदळात खुपसते.

पण निवेदक होता मुलगा, ‘मी’. त्याला हे दिसणार कसं? मग सर्वज्ञ, म्हणजे सगळ्यांच्या मनातलं जाणणारा निवेदक घेतला, तर मुलाच्याही मनातलं सांगून बसलो आणि सगळा ताण गेला. तिसऱ्या खर्ड्यात ‘ती’ धरली : तृतीय पुरुष, पण तिला दिसतं तेवढंच. एक बाई, एक सकाळ, एक डबा. विहीर आणि गारपीट काढताना जीव तुटला. तो ऐवज कादंबरीचा होता, लघुकथेला पेलत नव्हता. अकराची सात पानं झाली.

संवाद मोठ्याने वाचा, हे आधीच सांगायला हवं होतं. माझी काटोलची बाई पुस्तकी बोलत होती, ते कानालाच कळलं.

पुढच्या वर्षी दुसऱ्या अंकाने कथा घेतली. तिथल्या संपादकांनी स्वतः फोन केला, दहा मिनिटं बोलले आणि आईचं शेवटचं वाक्य प्रमाण मराठीत करायचं का, असं विचारलं. नको म्हणालो. तसंच छापून आलंय : ‘सापडूनच नाही राहिलं न बाबू. तू जेवून घे.’