वीस सप्टेंबरचा पट

मी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात विचिटा येथे राहतो. येथून पश्चिमेला सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर फिनी काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) आहे आणि गार्डन सिटी हे तिचे मुख्य गाव. पश्चिम कॅन्ससमधील कित्येक काउंट्या पिढ्यानपिढ्या रिकाम्या होत असताना फिनीची लोकसंख्या मात्र 1980 मधील सुमारे 24 हजारांवरून 2000 मध्ये 40 हजारांच्या पुढे गेली. डिसेंबर 1980 मध्ये हॉलकम्बजवळ गोमांसप्रक्रियेचा मोठा कारखाना सुरू झाला, आणि त्यातील कामगारांच्या मागोमाग व्हिएतनामी निर्वासितांची, मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांची आणि पुढे सोमाली व म्यानमारमधील निर्वासितांची मुले सरकारी शाळांच्या पटावर आली. गार्डन सिटीतील दुसरा कारखाना 25 डिसेंबर 2000 रोजी आगीत सापडला, दोन हजारांहून अधिक लोकांचे काम गेले आणि 2010 च्या जनगणनेत काउंटीची लोकसंख्या 37 हजारांच्या आत आली. अशा ठिकाणी शाळेचा पट गावातल्या पाळण्यांइतकाच कारखान्यातल्या पाळ्यांवरही ठरतो.

कॅन्ससमध्ये 20 सप्टेंबरच्या पटावर शाळांचे अनुदान मोजले जाते. इंग्रजी शिकत असलेल्या आणि गरीब घरांतील मुलांसाठी त्यात जादा भार धरला जातो, म्हणजे अशा प्रत्येक मुलामागे अधिक अनुदान मिळते, आणि मला ही तरतूद फार मोलाची वाटते, कारण वर्षाच्या मध्येच येणाऱ्या, दोन भाषांच्या मध्ये अडकलेल्या मुलाला शिकवायला अधिक शिक्षक लागतात. अमेरिकेत राहण्याची अधिकृत कागदपत्रे नसलेल्या पालकांची मुले या पटावर आहेत, ती 1982 च्या प्लायलर विरुद्ध डो या निकालामुळे. टेक्सासमधील टायलर येथील शाळांनी अशा मुलांकडून वर्षाला एक हजार डॉलर मागितले होते. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते घटनाबाह्य ठरवले. एका मताने तरलेला हा निकाल वेगळा लागता, तर फिनी काउंटीतील किती बाके रिकामी राहिली असती, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पटाची वांशिक वर्गवारी मात्र मला अपुरी वाटते. माझ्या मुलीच्या प्रवेश अर्जात आधी ती हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी किंवा स्पॅनिश मूळ असलेली) आहे का असे विचारले होते, आणि नंतर वंश. मी ‘आशियाई’ या रकान्यात खूण केली. नोकरीच्या व्हिसावर आलेल्या संगणक अभियंत्याची मुलगी आणि निर्वासितांच्या छावणीत जन्मलेले म्यानमारचे मूल त्या रकान्यात एकच ठरतात. तसेच सोमाली मूल आणि येथे कित्येक पिढ्या राहिलेल्या कृष्णवर्णीय घरातील मूलही. घरात कोणती भाषा बोलतात, हा प्रश्न त्याच अर्जात पुढे होता. तेथे मी ‘मराठी’ लिहिले. कोणत्याही ग्रामीण काउंटीचा पट हाती आला, तर मी वंशाच्या आधी भाषेचा रकाना पाहतो.