गगनबावड्याहून इंजिनात बसून आलेलं पिल्लू

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं गॅरेज आहे, वडलांनी सुरू केलेलं, आता मी आणि चार पोरं मिळून चालवतो. गेल्या जुलैतली गोष्ट. तीन दिवस पाऊस थांबलाच नव्हता आणि सकाळी जो येईल त्याच्या तोंडात एकच विषय, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटावर गेलं. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे आकडे इथं शाळेतल्या पोरालाही पाठ असतात.

साडेदहाला एक कस्टमर आले, गगनबावड्याकडचे. वडील इथं दवाखान्यात ॲडमिट होते, त्यांचा डबा घेऊन निघालेले. म्हणाले कळे सोडल्यापासून इंजिनमधून चिरचिर आवाज येतोय, बेल्ट गेला असंल तर बदला पण अर्ध्या तासात गाडी द्या. बोनेट उघडून बेल्ट बघितला तर बेल्ट ठीक होता, फक्त एका बाजूला काहीतरी ओलं चिकटलेलं होतं, मला वाटलं चिखल असंल, अशा पावसात चिखल नसंल तरच नवल. आवाज ऐकावा म्हणून सीटवर बसलो आणि सेल्फ मारणार तेवढ्यात आमचा हेल्पर पोरगा ओरडला, "मालक थांबा! आत जीव हाय!"

चावी अर्धी फिरलेली होती. अजून अर्धा सेकंद गेला असता तर काय झालं असतं ते मला आजही डोळ्यासमोर आणवत नाही.

पहिलं काम बॅटरीचं टर्मिनल काढलं. हे मुद्दाम सांगतो कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं, बऱ्याच गाड्यांत इंजिन गरम असलं की चावी काढल्यावरही रेडिएटरचा फॅन आपोआप चालू होतो आणि आत हात किंवा पिल्लू असलं तर संपलं. मग गाडी लिफ्टवर घेतली, खालचं कव्हर उतरवलं, पुढचं चाक काढून आतलं प्लास्टिकचं लायनिंग सोडवलं. टॉर्च मारला तर ड्राइव्ह शाफ्टच्या वर एका खोबणीत दोन निळे डोळे. बाकी काहीच दिसत नव्हतं कारण पिल्लू काळं कुळकुळीत आणि आजूबाजूला सगळं ग्रीसच. माझा हात तिथं जाईना, हेल्पर पोराचे हात बारीक, त्यानं मनगटाला जुनं मोजं गुंडाळलं आणि वीस मिनिटं नुसता हात आत ठेवून बसला, ओढलं नाही की काय नाही. शेवटी ते आपणहून त्याच्या बोटांवर आलं.

कस्टमर चिडलेले होते. एका मांजरापायी गाडी उघडून बसलाय, माझा म्हातारा तिकडं उपाशी हाय, असं म्हणाले. त्यांचंही बरोबरच होतं, बाप दवाखान्यात असल्यावर माणसाला दुसरं काय सुचणार. एका पोराला बाईकवर त्यांना डब्यासकट सोडून यायला सांगितलं आणि गाडी संध्याकाळी पोचती केली, कामाचे पैसे घेतले नाहीत.

पिल्लू मुठीएवढं. उजव्या पुढच्या पंजाची गादी भाजलेली, आणि शेपटीचं शेवटचं दोन इंच कातडं सोललेलं. बेल्टला चिकटलेलं ते चिखल नव्हतंच. साधारण ५५ किलोमीटर ते चालू इंजिनच्या शेजारी बसून आलेलं, साळवण, कळे, सगळे खड्डे धरून. आमच्याकडं म्हणतात मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते, तशी आईनं रात्री पावसातून उचलून गाडीखाली कोरड्या उबेच्या जागी आणून ठेवलं असणार, तिला काय माहीत ते घर सकाळी चालायला लागंल.

जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तोंड उघडून दात बघितले, चालवून बघितलं, वजन केलं, ३८० ग्रॅम. म्हणाले चार आठवड्यांचं असंल, भाटी आहे. जखम धुतली, इंजेक्शन दिलं आणि विचारलं आई कुठं आहे, कारण एवढं लहान पिल्लू आईजवळ असणं हेच सगळ्यात चांगलं औषध. कस्टमरना फोन लावला. त्यांनी घरी विचारलं तर हो, जळणाच्या खोलीत एक मांजरी दोन पिल्लं घेऊन बसलीय आणि सारखी ओरडतीय. मी म्हणलं उद्या सकाळी मी स्वतः सोडून येतो. पण त्याच संध्याकाळी गगनबावडा रस्त्यावर पाणी आलं आणि वाहतूक बंद झाली. कस्टमर स्वतःच सहा दिवस दवाखान्यात अडकून पडले, तिथं पिल्लू काय जाणार.

मग घरी आणलं. आईला दमा आहे म्हणून वरची खोली दिली, दार बंद. आणि पहिल्याच रात्री चूक केली. आईनं मायेनं गाईचं दूध कोमट करून वाटीत दिलं, मीही काही बोललो नाही, मांजर म्हणलं की दूध हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. पहाटे बघतो तर पिल्लू जुलाबानं गळून पडलेलं, मानेवरचं कातडं चिमटीत धरून सोडलं तर परत खाली बसायला वेळ लागत होता. अंगातलं पाणी कमी झाल्याची ती खूण, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. गाईचं दूध पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवाला एका रात्रीचे जुलाबसुद्धा पुरे होतात. डॉक्टरांनी सलाईन कातडीखाली दिलं, मांजराच्या पिल्लांची दूध पावडर दिली आणि ताकीद दिली की थंड पडलं असंल तर आधी ऊब, मगच खायला, गार अंगात काही पचत नाही. आणि भरवताना पोटावर, मान सरळ, आपल्या बाळासारखं उताणं धरायचं नाही, दूध छातीत जातं.

तर पुढचे दहा दिवस असे. टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, दर चार तासांनी सिरींज, रात्री दोनचा गजर. सकाळी मी पिल्लाला प्लास्टिकच्या क्रेटमधून गॅरेजच्या केबिनमध्ये न्यायचो, दुपारी पोरं भरवायची, रात्री परत घरी. पोरांनी नाव ठेवलं ग्रीस. स्पेअर पार्टवाल्याकडचा छोटा डिजिटल काटा आणून रोज वजन लिहायचो, जॉब कार्डाच्या पाठीमागं, ३८०, ३६५ (तो जुलाबाचा दिवस), ३७०, ३८५. आठवड्याला साधारण १०० ग्रॅम वाढलं पाहिजे असं डॉक्टर म्हणाले होते आणि ४५० दिसलं त्या दिवशी हेल्पर पोरानं स्वतःच्या पैशानं सगळ्यांना चहा पाजला. शी-शूच्या ट्रेमध्ये साधी वाळू, कारण बाजारातली ओली झाली की गोळा होणारी मांजराची वाळू लहान पिल्लं खातात आणि आतडी तुंबतात. शेपटीचं टोक मात्र वाळत गेलं, रक्तच पोचत नव्हतं, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी भूल देऊन तेवढा भाग काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर ती लटपटत माझ्या हातावर आली आणि झोपली, त्या दिवशी मी गॅरेज उघडलं नाही.

तोपर्यंत रस्ता कधीच सुरू झालेला होता. परत नेऊन सोडावं का हा विचार खूप केला. पण टाके, औषधं, आणि आईपासून तुटून इतके दिवस झाले होते, डॉक्टर म्हणाले आता ती घेईलच असं नाही. मग ठरवलं की हिला घर शोधायचं.

गॅरेजमध्येच ठेवा की, उंदीर खाईल, असं दहा जण म्हणाले. त्यांना मी कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये घालतात त्या पाण्याचं, सांगायचो. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, चव गोडसर, आणि मांजराला एक चमचाभरसुद्धा जीवघेणं होतं, मूत्रपिंडं बंद पडतात. तीस वर्षं आम्ही रेडिएटर सोडला की कूलंट गटारीत जाऊ द्यायचो, त्यातून किती जनावरं गेली असतील कोण जाणे. आता ड्रेन ट्रे लावल्याशिवाय कोणी नट सोडायचा नाही, सांडलं तर लगेच भुसा टाकून धुवायचं, हा नियम ग्रीसमुळं झाला.

व्हॉट्सॲप स्टेटसला फोटो टाकले. चाळीसेक फोन आले असतील आणि निम्म्यांनी पहिला प्रश्न विचारला, पर्शियन आहे का. उरलेल्यांनी विचारलं बोका आहे का भाटी, भाटी म्हणलं की "नगो, पिल्लं घालती". काळी म्हणलं की गप्प. शेपटी अर्धी म्हणलं की फोनच ठेवायचे. मला याचा खरंच राग यायचा, इंजिनातून जिवंत आलेला जीव समोर आहे आणि माणसं रंग विचारतात. एक धान्याचे व्यापारी मात्र लगेच तयार होते, गोडाऊनला मांजर पाहिजेच होतं. मी सहज विचारलं उंदरांना सध्या काय करता. म्हणाले औषध टाकतो की, पोत्याच्या मागं. विष खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला तर मांजरही मरू शकतं. त्यांना नाही म्हणताना अवघड वाटलं कारण माणूस चांगला आणि जुना गिऱ्हाईक, पण नाही म्हणलं.

पूर ओसरला आणि आमच्याकडं पाण्यात बुडालेल्या गाड्यांची रांग लागली. (गाडी पाण्यात बंद पडली तर परत सेल्फ मारू नका हो, पाणी सिलिंडरमध्ये जातं आणि कनेक्टिंग रॉड वाकतात, मग ते काम लाखात जातं.) गाड्या आल्या म्हणजे इन्शुरन्सचे सर्व्हेअर साहेब आले, ऑगस्टभर दोन दिवसांआड. पन्नाशीचे, कमी बोलणारे, प्रत्येक गोष्ट चार अँगलनं फोटो काढणारे. तिसऱ्या खेपेला केबिनमध्ये बसून फॉर्म भरत होते तेव्हा ग्रीस त्यांच्या बॅगेत शिरून झोपली. त्यांनी बॅग हलवली नाही. विचारलं शेपटीला काय झालं. मी सगळं सांगितलं. "टाके कधी काढले? लस झाली? जंताचं औषध?" एवढंच विचारलं आणि गेले. पुढच्या वेळी आले ते मिसेसना घेऊन. त्यांची आधीची मांजर पंधरा वर्षांची होऊन गेली होती आणि वहिनींनी परत पाळायचं नाही म्हणून शपथ घेतली होती, तरी त्या खाली फरशीवर बसल्या आणि तासभर उठल्या नाहीत.

घर बघायला गेलो. राजारामपुरीत दुसरा मजला. मला थोडं संकोचल्यासारखं झालं, एवढ्या मोठ्या माणसाचं घर मी तपासायचं, पण बघितलं. गॅलरीला जाळी होती, बाथरूमच्या खिडकीच्या दोन काचपट्ट्या मात्र नव्हत्या, तेवढ्यातून ती सहज खाली गेली असती. मी म्हणलं साहेब, हे बंद झाल्यावर देतो. दोन दिवसांनी फोटो आले, जाळी बसवलेली, आतून, बाहेरून, डावीकडून, उजवीकडून, क्लेमला लावतात तसे. त्या फोटोंनी माझी खात्री पटली.

पहिली लस आठव्या आठवड्याला झालेली, दुसरा डोस बाराव्याला, त्याच वेळी रेबीजची. शिवाय गणपतीत आमच्याकडं मिरवणुकीचा आवाज भिंती हलवतो, अशात नव्या घरी पाठवली तर पलंगाखालून महिनाभर बाहेर आली नसती. म्हणून अनंत चतुर्दशी होऊ दिली. जाताना तिचा टॉवेल, थोडी तिची वापरातली वाळू आणि तेच खाणं बरोबर दिलं. पहिले काही दिवस एकच खोली, आणि ओढून बाहेर काढायचं नाही, एवढं सांगितलं. रात्री साडेअकराला फोन, कपाटामागून बाहेर येत नाही, जेवली नाही. दुसऱ्या रात्री परत. तिसऱ्या रात्री फोन आला नाही तर मलाच झोप लागेना, मी केला. वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, मांडीवर आहे, उठता येत नाही."

आई दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या खोलीत केर काढायला गेली आणि बराच वेळ खाली आली नाही.

डिसेंबरात गगनबावड्याचे ते कस्टमर सर्व्हिसिंगला आले. वडील बरे होऊन घरी गेलेत म्हणाले. गाडी ठेवली आणि मागचं दार उघडून टोमॅटोचं क्रेट बाहेर काढलं, वर दुसरं क्रेट उलटं ठेवून सुतळीनं बांधलेलं. आत ती मांजरी. "तुमी पिल्लासाठी एवढं केलासा, म्हणलं हिचं ऑपरेशन तरी करू या, आमच्यात दरसाली पिल्लं मरत्यात." बाकीची दोन पिल्लं त्यांच्या चुलत्यांकडं गेलेली होती. मी डॉक्टरांना फोन लावला तर म्हणाले आणा, आज तसंही एक भाटी आहे ऑपरेशनला. ती भाटी म्हणजे ग्रीस, साहेब सकाळीच घेऊन आले होते, सहा महिन्यांची झाली होती ना.

मी आणि कस्टमर दोघं क्रेट धरून आत गेलो आणि साहेबांनी आणलेल्या ग्रीसच्या पिंजऱ्याशेजारी ठेवलं. आई मांजरी राखाडी पट्ट्यांची, लेक काळी, पण तोंड अगदी तेच. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. दोघींनी एकमेकींकडं बघितलं, अंग फुगवलं आणि फिस्स केलं. डॉक्टरांनी दोन्ही पिंजऱ्यांच्या मधे एक टॉवेल टाकला आणि विचारलं, "रात्रीपासून काही खायला दिलं नाही ना?"