अकराशेचा भोपळा

सोमवार, रात्री साडेदहा

भोपळा ओट्याखाली ठेवलाय. लाल, चार किलोला जरा कमी, देठ शाबूत. बाजारात शंभर-सव्वाशेला मिळाला असता. काल चर्चच्या हंगामाच्या सणाला, लोकांनी देवाला आणलेल्या वस्तूंच्या लिलावात, मी तो अकराशेला घेतला. घेतला म्हणजे बोलले, आणि तीन वार झाले.

का बोलले, हे कालपासून विचारतेय.

भोपळा नको होता. देवाला द्यायचं म्हणावं तर दानाचं पाकीट सकाळीच थैलीत पडलं होतं. समोरून ‘हजार’ आलं. आवाज कुणाचा ते सांगायला नको. त्या आवाजात काहीतरी होतं, किंवा काही नव्हतं आणि मीच ऐकलं. माझ्या तोंडून अकराशे गेले. मांडवात दोन क्षण शांतता, मग टाळ्या. टाळ्या फार वाईट.

त्यात मी लिलावाच्या हिशेबाच्या वहीवर बसलेली. वहीवरच्या माणसाने बोली लावायची नाही, हे कुठे लिहिलेलं नाही पण पाळतात. कुणाची किती बाकी आहे, कोण हात आखडून बसलंय, हे त्याच्या डोळ्यापुढे असतं. पत्ते बघून खेळल्यासारखं होतं ते. पुढच्या वर्षी वहीवर दुसरं कुणी बसलं तर बरं. तिच्यासाठी चार गोष्टी इथेच लिहून ठेवते, नाहीतर झोप यायची नाही.

लिलावाचा क्रम आधी ठरवायचा. पालेभाजी पहिली. मेथी, कोथिंबीर, शेपू उपासना संपेपर्यंत माना टाकतात. अकरानंतर त्यांना कुणी विचारत नाही. मग अंडी आणि कोंबड्या, कारण कोंबडी पाय बांधून उन्हात फार वेळ ठेवली की तोंड उघडून धापा टाकते, आणि लहान मुलं रडायला लागतात. मग घरून करून आणलेलं, भाकरी-ठेचा, धपाटे, डबे. डब्यांना नावं लावून घ्यायची, रिकामे परत द्यायचे असतात. त्यानंतर फळभाज्या, नारळ, धान्य. ऊस आणि मोठे भोपळे शेवटी. ते आधी काढले की लोक उठतात.

पहिली बोली बाजारभावाच्या निम्म्यावर ठेवायची. सुरुवातच चढी केली तर एकदोघांतच खेळ राहतो. वहीत पाच रकाने: अनुक्रम, वस्तू, नाव, रोख, बाकी. नाव लिहून झाल्याशिवाय वस्तू हातात द्यायची नाही. ‘लिही माझ्या नावावर’ म्हणून वस्तू घेऊन जाणारे पाच जण असतात आणि संध्याकाळी त्यातले दोघे ‘मी नव्हे, भावाने घेतला’ म्हणतात. घेतलेली वस्तू परत लिलावाला दिली तर नवी ओळ घालायची, जुनी खोडायची नाही. एक नारळ तीनदा विकला गेला तर तीन ओळी, आणि तिन्ही रकमा जमा. यंदा खोडाखोडीने एक बेरीज चारशेने चुकली होती. दहा-वीसच्या नोटांची सुट्टी शनिवारीच आणून ठेवायची. मोबाईलवरून पैसे टाकणाऱ्यांनी वस्तूचा अनुक्रम टाकावा, नाहीतर खात्यात नुसते साडेतीनशे येतात आणि कशाचे ते कळत नाही.

आणि एक. वीस-वीस रुपयांचे वाटे वेगळे मांडायचे, ठरल्या किमतीला, बोलीशिवाय. ज्या बाईने दोन पायली बाजरी आणून वेदीपाशी ठेवली, तिला तिच्याच बाजरीवर बोलता येत नाही. यंदा वाटे मांडायचे राहिले. ती मागच्या रांगेत पदर नीट करत बसली होती. हे आधी का नाही सुचलं.

बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात पहिल्या फळांची टोपली आहे. टोपली याजकाच्या हाती द्यायची, आपल्या पूर्वजांची हकिकत तोंडाने म्हणायची, आणि मग लेवी, म्हणजे देवाच्या सेवेला वाहिलेल्या वंशातले, आणि परका यांना घेऊन सगळ्यांनी मिळून आनंद करायचा. त्यात बोली नाही. चर्चमधला हंगामाचा सण आज जसा होतो तसा १८४३ साली इंग्लंडात कॉर्नवॉलच्या एका पाळकाने सुरू केला; आपण त्यात बाजरीची कणसं आणि ऊस घातला. लिलाव कुणी घातला कोण जाणे. वाईट आहे असं नाही. रुपयाची वस्तू दहाला घेण्यात हरल्याची लाज नाही, अशी बाजाराची उलटी बाजू तिथे दिसते, आणि कंपाउंडची भिंत त्याच पैशातून झाली. पण बाजार उलटा केला तरी बाजारच राहतो की काय?

लोभ धरू नको म्हणणाऱ्या बायबलातल्या दहाव्या आज्ञेत यादी आहे. शेजाऱ्याचं घर, बायको, दास, दासी, बैल, गाढव. काल रात्री ती यादी मनात चाळली. मला त्या ‘हजार’वाल्यांचं घर नको. गाडी तर नकोच, आमच्या गल्लीत वळणार नाही. मग कसला लोभ? दुपारपासून भांडी घासताना एवढं कळलं की ‘हजार’ म्हणताना त्यांनी मनात वजाबाकी केली नाही. मी करते. दर वेळी. दोनशे म्हणायच्या आधी गॅस, साडेतीनशेच्या आधी मिक्सरचं भांडं. ती वजाबाकी न करता एकदा बोलून बघायचं होतं. अकराशेला.

हे लिहिताना स्वतःची कीव येतेय. येऊ दे थोडी.

उपासना सुटल्यावर तरुण संघाची पोरं पायरीवर बिनव्याजी हप्त्याचं बोलत होती. मी तिथे थांबून शहाणपण सांगितलं. चोवीस हजारांचा फोन, महिना चार हजार, सहा महिने, बिनव्याजी. पण रोख घेणाऱ्याला जी दीड हजाराची सूट मिळते ती हप्तेवाल्याला मिळत नसेल तर तेच व्याज. शिवाय प्रोसेसिंग फी वेगळी, आणि बँक बिलात जे व्याज दाखवते त्यावर अठरा टक्के जीएसटी. बिनव्याजी कुठून झालं? पोरांनी ‘हो मावशी’ म्हटलं. त्याला अर्धा तास झाला नसेल, आणि मावशी अकराशे बोलली.

कालचा संदेश, म्हणजे प्रवचन, विधवेच्या दमडीवर होता, जवळचं होतं नव्हतं ते मंदिराच्या दानपेटीत टाकणारी ती गरीब बाई. हंगामाला दर वर्षी असतोच. तिने टाकलेली दोन नाणी म्हणजे एका दिवसाच्या मजुरीचा चौसष्टावा भाग. आज रोज पाचशे धरला तर पावणेआठ रुपये. पण मार्काच्या शुभवर्तमानात त्याच्याच वरची ओळ कुणी वाचत नाही, ती विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांची आहे. आणि लगेच पुढच्या अध्यायात मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही, असं येतं. येशूने त्या बाईचं कौतुक केलं की तिचं शेवटचं नाणंही घेणाऱ्या व्यवस्थेकडे बोट दाखवलं? मला वाटतं, दोन्ही. पाळकसाहेबांना विचारणार होते, पण ते जेवणाच्या पंगतीत.

पाकिटावर छापलंय, ‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो.’ करिंथकरांस दुसरं पत्र, नऊ, सात. वचनाचा पहिला अर्धा भाग छापत नाहीत, जागा नसेल. त्यात प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं असं आहे. कुरकुरत नाही, भाग पडतं म्हणून नाही. मी मनात पाचशे ठरवले होते. घरून निघताना पर्सच्या मधल्या कप्प्यात वेगळे घातले होते. म्हणजे वरचे सहाशे कोणत्या वचनात बसतात ते मला अजून सापडलेलं नाही.

सापडतंय का बघायला बायबलातलं पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र काढलं. चौथा अध्याय. सगळे तेरावं वचन घेतात, कॅलेंडरवर, दहावीच्या पोरांच्या कंपासपेटीत, मला सामर्थ्य देणारा आहे म्हणून मी सर्व काही करू शकतो. बारावं कुणी घेत नाही. पौल म्हणतो, भरपूर असताना कसं राहायचं आणि उपाशी असताना कसं राहायचं, दोन्ही मी शिकलो. भरपूर असतानाचंही शिकावं लागतं हे त्याने लिहून ठेवलंय. आपण मात्र ते वचन फक्त ओढगस्तीतल्यांना वाचून दाखवतो.

आणि ‘शिकलो’. मिळालं नाही, उतरलं नाही, शिकलो. बेड्यांत असताना लिहिलंय. समाधानासाठी त्याने जो ग्रीक शब्द घेतला तो त्या काळच्या तत्त्वज्ञांचा, ज्याला कुणाकडूनच काही लागत नाही अशा माणसाचा. तिमथ्याला लिहिलेल्या पत्रात त्याच मुळाचा शब्द आपल्या मराठी बायबलात ‘चित्तसमाधान’ झालाय. पण गंमत अशी की पौल तो शब्द वापरतो कुठे, तर पैसे पोचल्याच्या पत्रात. फिलिप्पैकरांकडून एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हातून मदत आली होती, तिची ही पोच. दोन-तीन वचनांत किती हिशेबाचे शब्द आहेत, देणंघेणं, तुमच्या खात्यावर जमा, आणि अठराव्यात ‘मला सगळं मिळालं’ म्हणायला त्या काळी पावतीवर लिहीत तोच शब्द. म्हणजे हा माणूस समाधानावर बोलतोय आणि त्याच हाताने पावती फाडतोय. वजाबाकी त्याचीही चालूच होती. मला वाटत होतं ती थांबली की समाधान.

इथे थोडं बरं वाटलं. का ते नीट लिहिता येत नाही, राहू दे.

साडेअकरा वाजले. सहाशेचं काय? काल मी वहीत स्वतःच्या नावापुढे रोख पाचशे, बाकी सहाशे लिहिलंय. आता दुपारपासून एक विचार फिरतोय की या महिन्याच्या दशांशातून वळते करावेत. एक तारखेला पगार आला की पहिलं काम दहावा भाग काढून वेगळ्या पाकिटात, कारण वीस तारखेला ‘उरलं तर’ म्हटलं की उरत नाही. ते पाकीट कपाटात आहे. देवाचेच पैसे, चर्चच्याच खात्यात, फक्त रकाना बदलायचा. पण सासूबाई म्हणायच्या, दशांश तो दशांश आणि लिलाव तो लिलाव. एका म्हशीला दोनदा विकू नये. मिक्सरचं भांडं जानेवारीवर गेलं. चटणी पाट्यावर.

इस्राएल लोकांना रानात देवाने दिलेला मान्ना, रोजचं अन्न, माणशी एक ओमर गोळा करायचा होता, साधारण दोन लिटरचं माप. ज्यांनी सकाळपर्यंत राखला त्यांच्या मान्नात किडे पडले. शब्बाथाचा, म्हणजे विसाव्याच्या दिवसासाठी राखलेला, तेवढा टिकायचा. भोपळ्याचं तसं नाही. देठ शाबूत असेल आणि फरशीला ओल नसेल तर तीन-चार महिने हलत नाही. खाली सुतळीची चुंबळ ठेवायची आणि आठवड्याला एकदा फिरवायचा, नाहीतर टेकलेल्या जागी नरम पडतो. म्हणजे मनात आणलं तर हा इथे फेब्रुवारीपर्यंत मला बघत राहील. नको. उद्या कापते. एकदा कापला की चार दिवसांत संपवावा लागेल, बियांकडून बुळबुळीत होतो.

घारगे. दोन वाट्या कीस, एक वाटी गूळ, चिमूट मीठ, वेलची. कीस आणि गूळ मंद आचेवर गूळ विरघळेपर्यंतच, पुढे शिजवलं तर पाक होऊन घारगे कडक होतात. कोमट झाल्यावर कणीक, त्यात मूठभर तांदळाचं पीठ, मावेल तेवढंच. पाणी थेंबभरही नाही. भोपळ्याचं सुटतं तेवढं पुरतं. पीठ सैल वाटलं म्हणून कणीक घालत राहिलं की गोडी जाते, त्यापेक्षा वीस मिनिटं झाकून ठेवावं, आवळून येतं. मध्यम आचेवर तळायचे. तेल कडकडीत तापलं तर गुळाने वरून काळे आणि आत कच्चे. एवढ्या भोपळ्याचे शंभर-सव्वाशे तरी होतील. म्हणजे नगाला नऊ ते अकरा रुपये, तेल-गूळ वेगळं.

बाजरीवाल्या बाईकडे वीस. त्यांच्याकडेही पाठवावेत का, ‘हजार’वाल्यांकडे? पाठवले तर ते काय समजतील? पाठवले नाहीत तर मी काय समजेन? सकाळी बघू.

शनिवारी बाकीदारांची यादी फळ्यावर लागते. यंदा एकोणीस नावं आहेत. यादी दर वर्षी मीच लिहिते, अक्षर बरं आहे म्हणून.