एल१ सपोर्टची मुलाखत: ऐरोली-महापे पट्ट्यात नेमकं काय बघतात

ठाणे-बेलापूर रोडवर ऐरोलीपासून महापेपर्यंत आणि इकडे ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये फ्रेशर्ससाठी आयटी सपोर्टच्या जागा निघत असतात. जाहिरातीत पद कधी सर्व्हिस डेस्क असतं, कधी डेस्कटॉप सपोर्ट, कधी फील्ड इंजिनिअर. तिन्हींना एल१, म्हणजे तक्रार सगळ्यात आधी हाताळणारी पहिली पातळी, म्हणतात, पण काम वेगळं आणि मुलाखतही वेगळी. सर्व्हिस डेस्कवर फोन, चॅट आणि रिमोट. क्लायंट परदेशातला असला तर रात्रपाळी आलीच. डेस्कटॉपवाला फ्लोअरवर फिरतो, मशिन उघडतो. फील्डवाल्याला बाइक आणि लायसन्सचं आधी विचारतात, बाकीचं नंतर. मी डेस्कटॉप सपोर्टमधून आत आलो, त्यामुळे पुढचं बरंचसं त्याच अंगाने लिहिलंय.

फोनवरच्या पहिल्या राउंडला इंग्रजीचा तोरा कुणी बघत नाही. "लॅपटॉप स्लो चालतोय" एवढंच सांगून समोरचा गप्प बसतो आणि तुम्ही काय विचारता ते ऐकतो. कधीपासून? एकच ॲप्लिकेशन की सगळंच? ऑफिसात की घरी? शेजारच्यालाही तोच त्रास आहे का? हे विचारून मग टास्क मॅनेजर उघडायचा: सीपीयू, मेमरी, डिस्क यांपैकी काय भरलंय, सी ड्राइव्हमध्ये जागा किती उरलीय, स्टार्टअपला काय काय चालू होतं. "फॉरमॅट मारतो" हे पहिलं उत्तर देणाऱ्याचा फोन तिथेच संपतो. एकंदर या सगळ्या प्रकरणात तुम्हाला किती येतं यापेक्षा तुम्ही कुठल्या क्रमाने शोधता आणि ते नीट लिहून ठेवता का, हेच तपासलं जातं.

टेक्निकल राउंडला "नेट चालत नाही" हा प्रश्न ठरलेला. सुरुवात केबल आणि पोर्टच्या दिव्यापासून करायची, मग मशिनचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दाखवणारी आयपीकॉन्फिग ऑल ही कमांड. आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशिनला पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडून पत्ता मिळालेला नाही, विंडोजने स्वतःच एक घेऊन टाकलाय. रिलीज-रिन्यू, म्हणजे जुना पत्ता सोडून नवा मागणं, करून बघायचं. तरी तोच आला तर केबल, स्विचचा पोर्ट, चुकीचा व्हीलॅन (एकाच स्विचवर केलेला नेटवर्कचा वेगळा गट) किंवा डीएचसीपीकडचे पत्तेच संपलेले, या क्रमाने पुढे जायचं. आयपी बरोबर असेल तर आधी गेटवेला (ऑफिसच्या नेटवर्कमधून बाहेर जायचा दरवाजा) पिंग, म्हणजे उत्तर येतं का बघायची हाक, मग गूगलच्या ८.८.८.८ ला, मग एखाद्या साइटच्या नावाला. आकड्याला पिंग जातो पण नावाला जात नाही, म्हणजे गडबड नावाचा आकडा शोधून देणाऱ्या डीएनएसमध्ये. गेटवेलाच जात नसेल तर इंटरनेट कंपनीला फोन लावण्यात अर्थ नाही. यात एक खोच आहे: बऱ्याच ऑफिसांत फायरवॉल पिंग अडवते, म्हणून ८.८.८.८ कडून उत्तर आलं नाही म्हणजे नेट बंदच, असं धरायचं नाही. हे आपणहून बोललात की समोरचा खुर्चीत सरसावून बसतो.

दुसरा लाडका विषय म्हणजे सारखं लॉक होणारं अकाउंट. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (कंपनीतल्या सगळ्या युजर-अकाउंटची यादी) अनलॉक आणि पासवर्ड रीसेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी स्पष्ट हवं. अनलॉक केलं आणि थोड्या वेळात पुन्हा लॉक झालं, तर जुना पासवर्ड कुठेतरी साठवलेला आहे: फोनमधला मेल, ऑफिसचं वायफाय, मॅप केलेला ड्राइव्ह, क्रेडेन्शियल मॅनेजर, किंवा दुसऱ्या मशिनवर डिस्कनेक्ट करून सोडलेलं रिमोट सेशन. डोमेन कंट्रोलरच्या (पासवर्ड तपासणारा सर्व्हर) सिक्युरिटी लॉगमध्ये ४७४० नंबरच्या इव्हेंटमध्ये कुठल्या मशिनवरून लॉक होतंय त्याचं नाव मिळतं. एल१ला तो लॉग बघायची परवानगी बहुधा नसते. मग युजरचं नाव आणि लॉक झाल्याची वेळ देऊन वरच्या पातळीवर, एल२कडे पाठवायचं. घरून काम करणाऱ्याचा वेगळा घोळ असतो. पासवर्ड इकडे बदलला तरी त्याचा लॅपटॉप जुनाच मागतो, कारण तो डोमेन कंट्रोलरपर्यंत पोचलेलाच नाही. जुन्या पासवर्डने आत जा, नव्या पासवर्डने व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) जोडा, स्क्रीन लॉक करून नव्या पासवर्डने उघडा.

याच विषयावर इंटरव्ह्यू घेणारा मध्येच मोठा साहेब होतो: "मी मीटिंगमध्ये आहे, लगेच रीसेट कर, फॉर्मॅलिटी नको." इथे दबायचं नाही. "सर, रेकॉर्डवरच्या नंबरवर लगेच कॉल बॅक करतो" एवढंच आणि नम्रपणे. मदत करायची घाई झालेली मुलं नेमकी इथे पडतात.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून ११ वर नेण्याचे प्रश्नही येतात. मशिन चांगलं असून सेटअप नकार देतो, तर बायोसमध्ये (मशिन सुरू होतानाची मूळ सेटिंग) टीपीएम, म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप, बंद आहे का बघा. इंटेलवर त्याचं नाव पीटीटी असतं, एएमडीवर एफटीपीएम. डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असताना नुसतं यूईएफआय (बायोसचा नवा प्रकार) चालू केलंत तर मशिन बूटच होणार नाही, आधी डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलावी लागते. आणि बिटलॉकर, विंडोजचं डिस्क-कुलूप! बायोस अपडेटच्या आधी तो सस्पेंड केला नाही की ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. मदरबोर्ड बदलल्यावर तर मागणारच. युजरला की वाचून दाखवण्याआधी स्क्रीनवरचा की आयडी जुळवून घ्यायचा. एका मशिनच्या नावावर जुन्या-नव्या दोन-तीन की सापडतात.

प्रॅक्टिकलला नेटवर्क केबलला कनेक्टर दाबून बसवायचं क्रिंपिंग टूल हातात देतात. वायरच्या रंगांचा ५६८बी हा क्रम पाठ हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरची खिटी खाली आणि वायर आपल्या बाजूला धरली की १ नंबरची पिन डावीकडे येते. वायरचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडायचा नाही आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर चार वेळा ओढल्यावर वायर निसटते. यावरचा जोडप्रश्न छान आहे: गिगाबिटचा पोर्ट असून लिंक १०० एमबीपीएसवरच का अडकते? कारण १०० ला १, २, ३, ६ याच पिना पुरतात. गिगाबिटला आठही वायर लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी नीट दबली नसेल तर नेट चालतं, फक्त रडत चालतं, आणि युजर महिनाभर सर्व्हरला शिव्या घालतो.

तिकिटावर, म्हणजे तक्रारीच्या नोंदीवर, मात्र थोडं थांबायला हवं, कारण नोकरीत रोजचं माप त्यावरच असतं. "इश्यू रिझॉल्व्ड" लिहिलेलं तिकीट कुणाच्याच कामाचं नाही. असं लिहा: "मशिनला १६९.२५४ चा आयपी. पॅच कॉर्ड बदलली, फरक नाही. शेजारच्या पोर्टवर आयपी मिळाला, म्हणजे मूळ पोर्टवर संशय. युजरला तात्पुरतं शेजारच्या पोर्टवर जोडलं. नेटवर्क टीमकडे." पाच ओळींत पुढच्याचा अर्धा तास वाचतो. प्रायॉरिटी ठरते ती किती लोक अडलेत आणि किती तातडी आहे यावर, कोण ओरडतंय त्यावर नाही. निदान कागदावर तरी. एसएलएचं (काम किती वेळात करायचं याचा करार) घड्याळ थांबवायला तिकीट "युजर पेंडिंग"ला टाकून ठेवण्याची सवय काही ठिकाणी दिसते. ऑडिटमध्ये फोनची नोंद सापडली नाही की ते अंगाशी येतं.

सर्टिफिकेटचं थोडक्यात: ए प्लस या सपोर्टच्या परीक्षेचे दोन पेपर असतात आणि फी डॉलरच्या हिशोबाने जाते. फ्रेशरच्या जागेसाठी ती अट क्वचित दिसली. तेवढ्या पैशात एक जुना डेस्कटॉप घेऊन त्यावर व्हर्च्युअल मशिनमध्ये डोमेन उभं केलंत तर सांगायला जास्त उरतं.

एचआरला विचारून घ्या की पेरोल कंपनीचा की थर्ड पार्टीचा, आणि काँट्रॅक्ट किती महिन्यांचं. सीटीसीत (कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च) पीएफचे दोन्ही हिस्से, तुमचा आणि कंपनीचा, धरलेले असतात. ग्रॉस २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसीचे (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) ०.७५ टक्के कापले जातात. प्रोफेशनल टॅक्स महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००. स्त्रियांना २५,००० पर्यंत माफ. रजिस्ट्रेशन किंवा ट्रेनिंगच्या नावाखाली आधी पैसे मागणाऱ्या कन्सल्टन्सीला तिथूनच रामराम.

आणि शिफ्ट रोटेशनल असेल तर ऑफर स्वीकारण्याआधी कॅबची हद्द विचारा. कॅब ठाणे स्टेशनपर्यंतच सोडणार असेल तर कल्याण-बदलापूरवाल्याला रात्री दोनला सुटून पहिल्या लोकलची वाट बघावी लागते. ऐरोली, रबाळे, घणसोली ट्रान्स-हार्बरवर आहेत. महापेला स्टेशन नाही, कोपरखैरणे किंवा घणसोलीला उतरून शेअर रिक्षा किंवा एनएमएमटीची बस धरावी लागते. रिपोर्टिंग सकाळी सातचं असेल तर हा हिशोब आधीच मांडून बघा.