युआनमिंगयुआन बघून आले आज

बीजिंगमधला हा बाग-महाल बघितला आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. तिथल्या हैयानथांग नावाच्या इमारतीच्या कारंज्यापाशी बसले होते, इथे बारा प्राण्यांची ब्राँझची मुंडकी होती, दर दोन तासांनी एकेकाच्या तोंडातून पाणी उडायचं, म्हणजे चक्क पाण्याचं घड्याळ! आता नुसते दगड पडलेत, पण एकावरची कोरलेली वेल इतकी नाजूक की फुंकर मारली तर पान हलेल. १८६० च्या ऑक्टोबरमधे इंग्रज-फ्रेंच सैन्याने आधी लुटलं, मग लॉर्ड एल्गिनच्या हुकमावरून इंग्रजांनी जाळलं, आणि हाच माणूस दोन वर्षांत आपल्याकडे व्हाइसरॉय म्हणून आला, खूप राग आला मला. शेजारी एक आजोबा नातीला बोट दाखवून काहीतरी सांगत होते, भाषा कळली नाही, पण ती पोर एकदम गप्प झाली.