शुंग वानमधील जूकचे दुकान

हाँगकाँग, गुरुवार

कँटनी पद्धतीच्या जूकविषयी, म्हणजे दक्षिण चीनमधल्या तांदळाच्या दाट पेजेविषयी, पुष्कळ ऐकले होते, परंतु ते ज्या प्रकारच्या जुन्या दुकानात खायचे असते तशा दुकानात बसण्याचा योग आज सकाळी आला. हाँगकाँग बेटावरील शुंग वान भागात ट्रामच्या रस्त्याला लागून सुक्या मासळीची दुकाने ओळीने आहेत. सुके माकूल, सोडे, मशरूम आणि स्कॅलप नावाच्या शिंपल्याचे वाळवलेले पिवळसर गर तिथे पोत्यांतून आणि काचेच्या बरण्यांतून मांडलेले असतात, आणि त्यांचा वास थेट रस्त्यावर येतो. वेंगुर्ल्यात वाढलेल्या माझ्यासारखीला हा वास परका वाटणे शक्यच नव्हते. जूकचे दुकान याच परिसरातील एका आतल्या गल्लीत आहे आणि त्याची जागा मला अगदी योग्य वाटली, कारण जूकला जी गोडसर, समुद्राची आठवण देणारी चव असते ती पुष्कळ अंशी या वाळवलेल्या शिंपल्यांमधूनच येते.

दुकान लहान आहे. पाठ नसलेली स्टुले, एकमेकांना खेटून मांडलेली टेबले आणि भिंतीवर चिनी अक्षरांत लिहिलेले पदार्थ. जिथे जागा दिसेल तिथे अनोळखी माणसांच्या टेबलावर जाऊन बसायचे, ही इथली रीत आहे, आणि त्यात कोणालाही संकोच वाटत नाही. माझ्यासमोर एक वृद्ध गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पत्र थोडे आपल्याकडे ओढून घेऊन मला जागा करून दिली आणि पुन्हा वाचनात गढून गेले.

जूक म्हणजे तांदूळ आणि पाणी इतकेच सांगितले तर ते खोटे ठरणार नाही, पण त्यातून त्यामागच्या श्रमाची कल्पना येत नाही. दुकान पहाटे उघडायचे असेल तर मुख्य काम रात्रीच सुरू होते. तांदूळ धुऊन त्याला थोडे तेल आणि मीठ चोळून ठेवतात. काही जण त्यातच राखेत मुरवलेले काळसर अंडे कुस्करून घालतात, त्यामुळे दाणा लवकर फुटतो असे मानले जाते. मग उकळत्या पाण्याच्या मोठ्या भांड्यात हा तांदूळ सोडायचा. त्याच भांड्यात डुकराची हाडे, सुके स्कॅलप आणि सोयाबीनच्या दुधावरील सायीचे वाळवलेले पापुद्रे पडतात, आणि सगळे काही तास शिजत राहते. तांदूळ दहा-बारा पट पाण्यात शिजत असल्यामुळे दाण्यातील पिष्टाचे कण फुगतात, फुटतात आणि पाण्यात पसरतात. अखेरीस दाणा वेगळा दिसत नाही आणि पाणीही वेगळे दिसत नाही. या साऱ्या वेळात भांड्याचा तळ ढवळत राहावा लागतो, कारण एकदा खाली लागले की तो करपट वास अख्ख्या भांड्यात भिनतो आणि मग ते वाचवण्याचा कोणताही उपाय नसतो. घरी जूक करणाऱ्या अनेक बायका भिजवलेला तांदूळ रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवतात. दाण्यात शिरलेल्या पाण्याचा बर्फ होताना दाणा आतून तडकतो आणि दुसऱ्या दिवशी तो फार थोड्या वेळात विरघळतो.

गिऱ्हाइकाच्या दृष्टीस यातले काहीच पडत नाही. त्याला दिसतो तो केवळ दुसरा, झटपट उरकणारा भाग, ज्याला इथे ‘सांग ग्वान’ पद्धत म्हणतात. स्वयंपाकाची जागा दाराजवळच असल्यामुळे मला तो नीट पाहता आला. मोठ्या भांड्यातून दोन डाव जूक एका लहान पातेल्यात घ्यायचे, मोठ्या आचेवर खदखदवायचे, त्यात मासळीचे किंवा मांसाचे कच्चे पातळ काप टाकायचे आणि क्षणभर ढवळून लगेच वाडग्यात ओतायचे. एका वाडग्याला एक पातेले, असे ओळीने चालू होते. रात्रभराच्या सावकाश कामावर हे काही क्षणांचे वेगवान काम उभे असते, आणि दोन्ही नीट झाली तरच वाडगा जमतो. मासा जरा अधिक वेळ राहिला तर चोथट होतो, आणि गोड्या पाण्यातला मासा असल्यामुळे तो कच्चा राहून मुळीच चालत नाही, कारण अशा कच्च्या माशातून यकृतात जाणारे परजीवी कृमी शरीरात शिरू शकतात.

मी माशाच्या कापांचे जूक मागवले. हा मासा म्हणजे ग्रास कार्प, आपल्याकडच्या तळ्यांवर ज्याला गवत्या म्हणतात तोच. पर्ल नदीच्या त्रिभुज प्रदेशात तो शतकानुशतके तळ्यांत वाढवला जात आहे. तिथे तळ्यांच्या बांधांवर तुती लावत, तुतीच्या पाल्यावर रेशमाचे किडे पोसत, किड्यांची विष्ठा आणि रेशीम काढल्यावर कोषात उरलेले मेलेले किडे तळ्यातील माशांना घालत, आणि तळ्याचा गाळ उपसून पुन्हा तुतीच्या मुळाशी टाकत. भारतात हा मासा १९५९ साली हाँगकाँगहूनच आणला गेला. आपल्याकडे त्याची फारशी प्रतिष्ठा नाही आणि समुद्राची मासळी खाणारे कोकणी लोक तर त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. आज मात्र त्याचे कागदासारखे पातळ, पांढरेशुभ्र काप खाताना मला त्याच्याविषयीचे मत बदलावे लागले. आल्याच्या बारीक काड्या आणि पातीचा कांदा वर घातलेला असल्यामुळे तळ्याच्या मातकट वासाचा मागमूसही नव्हता, आणि मीठ इतके बेताचे होते की तांदळाची स्वतःची गोडी सतत जाणवत राहिली.

वाडगा समोर आला तेव्हा त्यातून वाफ फारशी निघत नव्हती, आणि नवख्या माणसाला फसवणारी गोष्ट हीच आहे. दाट जूकमध्ये उष्णता पाण्यासारखी वरखाली फिरत नाही, त्यामुळे पृष्ठभाग निवलेला दिसला तरी मधोमध ते बराच वेळ कढत राहते. समोरच्या गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली ठेवून मला चमचा वाडग्याच्या कडेने फिरवून दाखवला. कडेचे जूक आधी खायचे, मग हळूहळू मध्याकडे जायचे. पांढऱ्या मिरीची पूड टेबलावर होतीच. तिचा एक चिमूटभर शिडकावा केल्यावर सौम्य चवीला जो कणखरपणा आला, तो काळ्या मिरीने आला नसता असे मला वाटते. मी रेंगाळत खाल्ले आणि शेवटी वाडग्यातले जूक पाण्यासारखे पातळ झाले. यात दुकानाचा काही दोष नाही. चमच्याबरोबर वाडग्यात जाणाऱ्या लाळेतील विकर पिष्टाचे तुकडे करते आणि दाटपणा मोडतो. म्हणून जूक गरम असतानाच आणि न रेंगाळता खावे.

बरोबर तेलात तळलेली पिठाची लांब काडी घेतली होती, जिला इथे ‘याउ जा ग्वाय’ म्हणतात. ती बाहेरून कुरकुरीत आणि आतून पोकळ असते. तिचे तुकडे जूकमध्ये बुडवून लगेच तोंडात टाकावेत. बुडवून ठेवले तर गंमत निघून जाते. हीच काडी तांदळाच्या वाफवलेल्या पातळ पोळीत गुंडाळून, कापून, वर सोया सॉस घालूनही देतात, पण आज पोटात तेवढी जागा नव्हती.

भिंतीवरच्या यादीत डुकराची कलेजी, आतडे आणि मांसाचे गोळे घातलेले एक जूक होते. दक्षिण चीनच्या ग्वांगतुंग प्रांतातील लुन वन्श्यू नावाच्या गरीब मुलाला शेजारचा जूकवाला रोज असा वाडगा देत असे आणि तो मुलगा पुढे १४९९ साली राजदरबाराच्या परीक्षेत संपूर्ण साम्राज्यात पहिला आला, अशी या पदार्थाची कथा सांगतात. परीक्षा आणि पहिला क्रमांक हा इतिहास आहे, वाडगा ही दंतकथा. मात्र दंतकथेने यशाचे श्रेय जूकवाल्याला द्यावे, यावरून या लोकांच्या मनात त्या दुकानदाराचे स्थान काय होते ते कळते.

समोरच्या गृहस्थांच्या पुढ्यात मात्र यातले काहीच नव्हते. त्यांनी नुसते पांढरे जूक घेतले होते, त्यात मासा नाही, मांस नाही, आणि ते त्यांनी अत्यंत समाधानाने, शेवटच्या चमच्यापर्यंत संपवले. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. रात्रभर शिजवलेल्या त्याच तांदळाचा तो सर्वांत स्वस्त वाडगा होता, परंतु त्याला लागलेली मेहनत माझ्या वाडग्याइतकीच होती.

इथे मला आमच्या पेजेचा विचार करणे टाळता आले नाही. पेजेची चव वेगळी, कारण आम्ही ती उकड्या तांदळाची करतो. उकडताना एकदा शिजून पुन्हा सुकलेला तो दाणा घट्ट होतो, पेजेत अखंड राहतो आणि दाताखाली येतो. बरोबर सुकटीची चटणी किंवा भाजलेला सुका बांगडा असतो. दोन्ही पदार्थांचा उगम मात्र एकच: थोड्या तांदळात जास्त माणसांचे पोट भरण्याची गरज. तरीही पेज आमच्याकडे शेतावरच्या न्याहारीची आणि आजाऱ्याच्या उशाशी ठेवण्याची वस्तू राहिली. पाहुण्याला ती वाढताना घरच्या बाईला कमीपणा वाटतो, आणि दुकानाच्या पाटीवर ती मला क्वचितच दिसली आहे. कँटनी शहरांत पहाटे कामावर निघणारे हमाल, नावाडी आणि बाजारकरी घराबाहेर खात, त्यांच्यासाठी जूक शिजवणारे लोक उभे राहिले, एकाने दुसऱ्याहून चांगले शिजवण्याचा प्रयत्न केला आणि त्यातून हा व्यवसाय घडला, असे मला वाटते. कोकणात सकाळी घराबाहेर खाणाऱ्याला चहा, उसळ-पाव आणि भजी मिळाली. पेज चुलीपाशीच राहिली. मला याची खंत वाटते. सावंतवाडीच्या किंवा मालवणच्या बाजारात पहाटे केवळ पेज देणारे एखादे दुकान असावे, तिथे तांदूळ कोणत्या शेतातला हे सांगता यावे, चटणी रोजच्या रोज वाटलेली असावी आणि नुसती पेज मागणाऱ्याकडे कोणी दयेने पाहू नये, असे मला मनापासून वाटते, आणि गावी गेल्यावर हे मी भावाजवळ बोलणार आहे, कारण बाजारात त्याचा गाळा रिकामा पडून आहे.

डुकराचे मांस न खाणाऱ्यांसाठी एक सूचना लिहून ठेवते. माशाचे जूक मागवले तरी मूळ भांड्यात हाडे शिजलेली असू शकतात, आणि काही दुकानांत पांढऱ्या जूकचीही तीच स्थिती असते. आधी विचारून घेणे चांगले.

उद्या गाडीने ग्वांगचौला, म्हणजे जुन्या कँटन शहराला, जायचे आहे. तिथल्या लिचीच्या उपसागराच्या कालव्यात पूर्वी लहान होड्यांवर जूक शिजवून दुसऱ्या होड्यांतील माणसांना विकत असत, आणि माशाचे काप, माकूल, तळलेले शेंगदाणे, अंड्याच्या पोळीच्या पट्ट्या घातलेले ते होडीचे जूक आज अनेक कँटनी दुकानांत मिळते. बुजवलेल्या कालव्याचा काही भाग २०१० साली पुन्हा उघडला आहे. त्या काठावरच्या एखाद्या दुकानात सकाळी लवकर पोहोचून होडीचे जूक खायचे आणि शेजारी नुसत्या पांढऱ्या जूकचाही एक वाडगा मागवायचा, असे मी ठरवले आहे.