अल्बुकर्की ते पॉन्टियाक: गाडीला माहेरी आणताना

गॅरेजचं दार हळूहळू वर सरकत गेलं आणि गाडी खालून वर दिसत गेली. आधी टायर, मग क्रोमचा बंपर, मग जाळी, आणि शेवटी एकावर एक बसवलेले दिवे, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. १९६७ची पॉन्टियाक जीटीओ. रंग लिंडन ग्रीन, आत काळ्या सीट, चार गिअर. बॉनेटवर, ड्रायव्हरच्या नजरेसमोर, छोट्या डबीसारखं टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे दाखवणारं मीटर. मी काही बोललो नाही. शेजारी उभ्या असलेल्या लेकीने माझा हात घट्ट धरला, तेव्हा कळलं की माझा हात थरथरत होता.

हे सप्टेंबर २०१८ मधलं, न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहराच्या कडेचं. पण ही गाडी मी पहिल्यांदा पाहिली ती कोल्हापुरात, मामांच्या गॅरेजमध्ये, आणि तीही कागदावर.

शिवाजी उद्यमनगरात मामांचं गॅरेज होतं. फियाट, ॲम्बेसेडर, एखादी जीप. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे पाने धुवायला बसायचो. हात पुसायला रद्दीचा कागद यायचा. त्यातच एकदा इंग्रजी मासिकाचं एक गुळगुळीत पान निघालं. त्यावर हीच गाडी होती, तिरकी उभी केलेली. मी ते पान भिंतीवर खिळ्याला अडकवलं. मामांनी चष्मा पुसून खालचा मजकूर वाचायचा प्रयत्न केला आणि विचारलं, "इंजिन केवढं हाय?" चारशे क्युबिक इंच म्हणजे किती, हे मी रात्री वहीत गणित करून काढलं. साडेसहा हजार सीसीच्या वर. मामांच्या हाताखाली रोज येणारी फियाट १०८९ सीसीची. दुसऱ्या दिवशी आकडा सांगितल्यावर मामा गंभीरपणे म्हणाले, "असू दे की. ठिणगी येळेवर पडली पायजे, बास. लहान-मोठं सगळं इंजिन तेवढंच मागतंय."

पुढे शिकलो, नोकरी मिशिगनला लागली, ट्रॉयला घर झालं. पॉन्टियाक नावाचं गाव तिथून अर्ध्या तासावर, आणि ह्या गाड्या त्याच गावात तयार व्हायच्या. त्या पानावरची गाडी ज्या गावची होती, त्याच्या शेजारीच मी राहायला गेलो होतो.

जीटीओची जन्मकथा मला फार आवडते. १९६३ च्या सुरुवातीला जनरल मोटर्सने पॉन्टियाकसकट आपल्या सगळ्या विभागांना शर्यतींपासून हात काढून घ्यायला लावले. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० क्युबिक इंचापेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असाही नियम होता. पॉन्टियाकचे मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी यांनी नियम नीट वाचला. तो नव्या मॉडेलला लागू होता. मग त्यांनी नवं मॉडेल काढलंच नाही. टेम्पेस्ट लमान्स ही साधी गाडी घ्या आणि जास्तीचे पैसे भरून ३८९ इंचांचं मोठं इंजिन 'ऑप्शन' म्हणून मागा, अशी वाट काढली. नाव फेरारीकडून उचललं. १९६४ च्या पहिल्या वर्षी ३२,४५० गाड्या गेल्या आणि दोन वर्षांत तो आकडा शहाण्णव हजारांच्या पुढे पोचला. पुढची दहा वर्षं बाकीच्या कंपन्या तिच्यामागे धावत होत्या. हलक्या अंगाच्या गाडीत दांडगं इंजिन आणि साध्या नोकरदार पोराला झेपेल अशी किंमत. मसल कार म्हणतात ती हीच.

माझा जीव मात्र १९६७ वरच अडकलेला. उभे दिवे असलेलं हे शेवटचं वर्ष, चारशे इंचांच्या इंजिनाचं पहिलं, आणि बॉनेटवरचं टॅकोमीटरही ह्याच वर्षी आलं.

शोध अकरा वर्षं चालला. मधे एकदा ओहायोतल्या एका विक्रेत्याकडे जवळजवळ पैसे देऊन बसलो होतो. लाल गाडी, आरशासारखा रंग, जागोजागी जीटीओची अक्षरं. सही करायच्या आधी दाराच्या चौकटीवरचा, कारखान्याने दिलेला नंबर बघितला, तर सुरुवात २३७. म्हणजे ती लमान्स, वरून जीटीओचे दागिने घातलेली. १९६६ पासून खऱ्या जीटीओचा नंबर २४२ने सुरू होतो, आणि ते तीन आकडे बदलता येत नाहीत. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, काय फरक पडतो, दिसते तर तशीच. मला फरक पडत होता. त्या दिवशी चार तास गाडी चालवत रिकाम्या हाताने घरी आलो, आणि त्यानंतर आधी नंबर मागितल्याशिवाय कोणाला फोन केला नाही.

अल्बुकर्कीत ही गाडी विकायला काढलेल्या आजोबांनी नंबर स्वतःहून पाठवला. २४२१७, आणि पुढे पी. सतरा म्हणजे हार्डटॉप (दोन काचांमध्ये खांब नसलेली, पक्क्या छताची), पी म्हणजे पॉन्टियाक, मिशिगनचा कारखाना. सोबत पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून आणलेली मूळ बिलाची प्रत. कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा तिच्यावर काय काय होतं, ते त्यात ओळीने लिहिलेलं.

तरी मी तीन तास तपासत होतो. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते पत्रा खाऊन टाकतं. म्हणून तर वाळवंटातली गाडी शोधत होतो. चिंध्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पुढच्या मडगार्डांच्या खालच्या कोपऱ्यांवर फिरवलं. सगळीकडे घट्ट चिकटलं, म्हणजे आत लांबी (पुट्टी) भरलेली नाही. डिकीचा गालिचा उचलून तळ बघितला, मागच्या काचेची कड बोटाने चाचपली. पाणी तिथेच मुरतं. कुठे गंज नव्हता. उन्हाने मात्र आपला वाटा घेतला होता. डॅशबोर्डला दोन चिरा, दारांचे रबर वाळून बिस्किटासारखे झालेले. रबर नवे मिळतात.

मग बॉनेट उघडलं. पॉन्टियाकच्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा भाग, मागे, पार भिंतीला लागून असतो. मी वाकलो, बॅटरी मारली आणि धुळीखालची अक्षरं पुसली. डेल्को-रेमी.

मामांच्या गॅरेजमध्ये डिस्ट्रिब्युटर हा शब्द कोणी वापरत नसे. सगळे म्हणायचे डेल्को. "डेल्कोचं झाकण काढ", "डेल्को फिरवून बघ." मला ते त्या पार्टचंच नाव वाटायचं. आपल्याकडच्या गाड्यांमध्ये तो कोणत्याही कंपनीचा असो, मिस्त्रींच्या तोंडी डेल्कोच. आणि इथे, सातासमुद्रापार, ते नाव धातूवर कोरलेलं माझ्या बोटाखाली होतं. मी तसाच वाकलेला राहिलो. आजोबांना वाटलं काहीतरी बिघाड सापडला.

सौदा ४१,५०० डॉलरला ठरला. ही गाडी नवी असताना तीन हजारांच्या आत मिळायची. बँकेचा ड्राफ्ट दिला, कागदांवर सह्या झाल्या. आजोबांनी शेवटी डॅशबोर्डच्या खणात एक छोटी खोकी ठेवली आणि म्हणाले, "पॉइंट आणि कंडेन्सर. लागणार नाहीत, पण असू देत." डिस्ट्रिब्युटरच्या आतले, ठिणगी पाडायला लागणारे हे दोन बारके भाग. मग ते घरात गेले, निरोप द्यायला बाहेर आले नाहीत. पडदा मात्र हलला. एकतीस वर्षं गाडी त्यांच्याकडे होती.

घर सुमारे सोळाशे मैल, म्हणजे अडीच हजार किलोमीटरवर. ट्रकवर चढवून पाठवता आली असती. पण मला ती चालवतच न्यायची होती, आणि लेकीने त्यासाठी कॉलेजचे चार दिवस बुडवले होते.

पहिल्या संध्याकाळी १७५ मैल कापून टुकुमकारीला मुक्काम केला. जुन्या रूट ६६ ह्या महामार्गावरचं छोटं गाव. तिथल्या ब्लू स्वॉलो मोटेलमध्ये खोलीला लागूनच गाडीपुरतं गॅरेज असतं. मोटेल १९३९ सालापासूनचं. रात्री निऑनचा निळा उजेड हिरव्या रंगावर पडला होता. लेक जेवून झोपली. मी मात्र दोनदा उठून पलीकडे जाऊन आलो.

सकाळी टेक्सासच्या सपाट माळावर गाडी मोकळी सोडली. सत्तर मैलांच्या वेगाला बॉनेटवरचा काटा एकतीसशेवर. कार्ब्युरेटर क्वाड्राजेट. त्याच्या चार तोंडांपैकी पुढची दोन लहान, मागची दोन चांगलीच मोठी. हळू चालवताना पुढची दोनच काम करतात. ट्रकला मागे टाकायला पाय पूर्ण दाबला की मागची दोन उघडतात, आणि बॉनेटखालून एक खोल, ओढून घेतल्यासारखा हुंकार येतो. तो आवाज सायलेन्सरचा नसतो, हवा आत जाण्याचा असतो. लेक म्हणाली, "बाबा, परत." मी परत केलं.

अल्बुकर्की समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटर उंच. तिथे हवा विरळ, इंजिन जरा दमून चालतं. ओक्लाहोमात उतरलो तसतसा तिचा श्वास मोकळा होत गेला, तोच पाय आणि जास्त ओढ. पेट्रोल भरायचं झाकण मागच्या नंबरप्लेटच्या आड. दर पंपावर कोणी ना कोणी ते शोधायला मदत करायला यायचं आणि मग आपल्या वडिलांच्या गाडीची गोष्ट सांगायचं.

टल्साच्या पुढे, दिवस बुडताना, इंजिनाने एक ठोका चुकवला. मग दोन. मग नुसती धडधड, आणि गाडी कडेला घेईपर्यंत बंद. टोइंगवाल्याने दोन तास सांगितले.

मी बॉनेट उघडलं. लेकीने फोनचा उजेड धरला. डेल्कोचं झाकण दोन स्क्रू दाबून फिरवलं की निघतं. रोटर काढला, खाली पॉइंट. तोंडं निळी-काळी पडलेली, एकावर बारीक टेकडी, दुसऱ्यावर तेवढाच खड्डा. कंडेन्सर गेला की पॉइंट असेच जळतात. हे मला कुठल्या पुस्तकातून कळलेलं नव्हतं. बाराव्या वर्षी मामांनी असा जळका पॉइंट तळहातावर ठेवून दाखवला होता आणि विचारलं होतं, "चोर कोण?"

खणातली खोकी आणली. छोटे स्क्रू, अंगुळभर जागा, इंजिन तापलेलं, कोपर मडगार्डवर टेकवून लोंबकळत काम. फट मोजायचं फीलर गेज नव्हतं. लेकीच्या पाकिटातलं कॉलेजच्या वाचनालयाचं जाड पुठ्ठ्याचं कार्ड फटीत सरकवून अंतर धरलं. मामा व्हिजिटिंग कार्ड वापरायचे. ह्या डेल्कोची खरी खुबी पुढे आहे. झाकणाला एक पत्र्याची लहान खिडकी असते. इंजिन चालू असताना ती वर उचलायची, आतल्या स्क्रूला ॲलन पाना लावायचा आणि उजवीकडे फिरवत जायचं. इंजिन अडखळायला लागलं की थांबायचं आणि अर्धा फेरा मागे यायचं. झालं. मीटर नको, काही नको, फक्त कान हवा. १९५०च्या दशकात ज्याने ही खिडकी काढली, त्याने रस्त्याच्या कडेला अडकलेल्या माणसाचा विचार केला होता, असं मला मनापासून वाटतं.

चावी फिरवली. तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन लागलं. लेक एवढ्या जोरात ओरडली की पलीकडून जाणाऱ्या ट्रकने भोंगा दिला. टोइंगवाल्याला फोन करून नको सांगितलं.

तिसऱ्या दिवशी इलिनॉयमधल्या पॉन्टियाक गावी थांबलो. नाव तेच, गाव वेगळं. तिथे पॉन्टियाक आणि तिची आई ओकलँड, ह्या दोन्ही गाड्यांचं संग्रहालय आहे. ओकलँड कंपनीने १९२६ मध्ये पॉन्टियाक ही स्वस्त लेक बाजारात आणली आणि पाच वर्षांत ओकलँडच बंद पडली. पॉन्टियाक २०१० पर्यंत टिकली. जुनी माहितीपत्रकं, रंगांचे तक्ते, सगळं जपून ठेवलेलं. १९६७ च्या तक्त्यात लिंडन ग्रीनचा चौकोन सापडला. आमची गाडी बाहेर उन्हात उभी होती आणि काचेतून दोन्ही रंग एकदम दिसत होते. कागदावरचा किंचित फिका पडला होता.

चौथ्या दिवशी डेट्रॉइटला पोचल्यावर सरळ घरी गेलो नाही. वुडवर्ड अव्हेन्यू पकडला. हा रस्ता शहराच्या मध्यापासून निघतो आणि फर्नडेल, रॉयल ओक, बर्मिंगहॅम करत पॉन्टियाकपर्यंत जातो. साठच्या दशकात इथल्याच सिग्नलवर पोरं एकमेकांच्या गाड्या आजमावत. १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये इथे जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. मी तेवीस वर्षं फूटपाथवर खुर्ची टाकून तो बघायला बसलो आहे. त्या दिवशी मेळा नव्हता, साधा गुरुवार होता. पॉन्टियाकच्या वेशीपाशी लेकीने मीटर वाचला. मग म्हणाली, "माहेर आलं तिचं." हा शब्द तिला आजीने दिलेला.

घरी रात्री साडेनऊला मामांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचे सात. मामा एक्याऐंशीचे, गॅरेज कधीच बंद झालं. फोन गाडीभोवती फिरवला. त्यांनी रंगाबद्दल, पैशाबद्दल काही विचारलं नाही.

"चालू कर."

केली.

"फोन सायलेन्सरकडं न्ये."

दोन सायलेन्सर आहेत, डाव्या चार सिलेंडरांना एक, उजव्या चारांना एक. आधी उजवीकडे धरला. मामा डोळे मिटून ऐकत होते. मग डावीकडे. बराच वेळ.

"वाटंत पॉइंट कुणी लावलं?"

"मी."

"झ्याक लावलंस." परत ऐकलं. "पर डाव्या अंगाला बारीक मिसिंग हाय. प्लग काढून बघ जा."

मला तर आवाज अगदी साफ वाटत होता. तरी इंजिन गार होऊ दिलं आणि रात्री साडेअकराला प्लगचा पाना घेऊन बसलो. लेक बॅटरी धरून. डाव्या रांगेतला पहिला प्लग विटकरी रंगाचा, दुसरा तसाच. तिसरा काळा आणि ओला निघाला.